नहराची पाळ आणि रहदारी

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी खापरखेड्याच्या परिसरात एका नहराच्या पाळीवर आम्हाला चौकीदाराने अडवले. आम्ही दोघे, दोघेही मराठीचे शिक्षक, पन्नाशी ओलांडलेले, आणि डोक्यावर हेल्मेट चढवून सायकलवर बसल्यामुळे काहीसे हास्यास्पद दिसणारे. अडवणारा गृहस्थ सभ्य होता. इथे सायकल चालवायची मनाई आहे, एवढेच त्याने सांगितले. तेवढ्यात मागून दुधाचे दोन कॅन लटकावलेली एक सायकल आली. तिच्यावरच्या माणसाने घंटी वाजवण्याचीही तसदी घेतली नाही; तो आमच्या मधून वाट काढून सरळ पुढे गेला. चौकीदाराने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. "याला नाही का मनाई?" असे आम्ही विचारले. उत्तर आले, "तो रोजचा हाय जी. तो कामाले जाते. तुम्ही घुमाले आले."

हे उत्तर त्या क्षणी आम्हाला अन्यायाचे वाटले. घरी पोचेपर्यंत ते बरोबर वाटू लागले. सायकलींच्या वाटांविषयी अलीकडे जे काही वाचनात आले, त्यातले फार थोडे या तीन वाक्यांइतके विचारपूर्वक लिहिलेले होते, असे आज आमचे मत आहे.

मोटारी नसलेल्या कच्च्या वाटांवरून, नदी-कालव्यांच्या काठाने किंवा राखीव उद्यानांतून सायकल चालवण्याचा छंद सध्या जगभर वाढला आहे. त्याला 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर शेकडो मैलांची शर्यत भरते. तिच्यासाठी रुंद टायरच्या, वाकड्या हँडलच्या आणि बऱ्याच महाग सायकली लोक विकत घेतात. हा छंद आपल्याकडेही पोचला आहे, आणि नागपूरकरांना सायकलचे वावडे आहे असे कोणी म्हणू शकणार नाही, येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली. तेव्हा कोणी म्हणेल, आपल्याकडेही अशा वाटा आखाव्यात. प्रश्न इथेच सुरू होतो. अशा वाटा आपल्याकडे आखायच्या राहिलेल्या नाहीत, त्या आहेत. त्यांना नाव दिले गेलेले नाही, आणि ज्यांच्या त्या आहेत त्यांना कोणी विचारलेले नाही.

सायकलचेच पाहा. ज्या काळ्या, दांडीच्या, मागे लोखंडी कॅरिअर असलेल्या सायकलवरून दूध, गवताचे भारे आणि शाळेतली दोन पोरे जातात, तिच्या टायरवर '२८ गुणिले दीड' असे कोरलेले असते. दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. ग्रॅव्हल सायकलच्या टायरची रुंदी साधारण एवढीच असते. मुरमावर चालण्यासाठी जे माप सध्या नव्याने शोधले गेले, ते आपल्या दूधवाल्याच्या चाकात किती पिढ्या फिरते आहे! या जातीच्या सायकली घरोघर पोचवणाऱ्या अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला. त्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख तेव्हा पुष्कळ आले. त्यातल्या बहुतेकांत सायकल ही लेखकाच्या बालपणाची होती. आजही तिच्यावरून कामाला जाणारा माणूस त्यांत क्वचितच दिसला.

हा टापू ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खापरखेडा सावनेर तालुक्यात, नागपूरच्या उत्तरेस आहे. येथील औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक, असे १३४० मेगावॉटचे संच आहेत. पलीकडे कोराडीचे केंद्र. आजूबाजूला सिल्लेवाडा, वलनी अशा कोळसा खाणी. बिना गावाशी कन्हान, पेंच आणि कोलार यांचा संगम होतो. पेंच नदीवर नवेगाव खैरीला धरण आहे, आणि त्याच्या उजव्या कालव्याने कोराडीजवळच्या महादुल्यापर्यंत पाणी येऊ लागल्याला चार दशके होऊन गेली. नागपूर शहर वर्षानुवर्षे तेच पाणी प्याले. उघड्या कालव्यात पाणी मुरते, उडून जाते, मध्येच उपसले जाते, म्हणून पुढे शहरासाठी बंद नळमार्ग टाकण्यात आला. कालवा राहिला, त्याचे फाटे राहिले, त्यांच्या पाळी राहिल्या.

पाळीवर मुरूम टाकलेला असतो. कुठे गिट्टीचा चुरा, कुठे नुसती माती, आणि वीज केंद्र जवळ असल्याची खूण म्हणून कुठे कुठे राखड. कोरडी राखड चाकाखाली पिठासारखी सरकते आणि पाऊस पडला की तिचा चिखल साबणासारखा होतो. एका बाजूला पाणी किंवा रिकामा नहर, दुसऱ्या बाजूला उतारावर बेशरमीची झुडपे, त्यापलीकडे तूर, कपाशी, मधूनच एखादा संत्र्याचा बगीचा. माघ-फाल्गुनात पळस पेटतो. पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते म्हणजे तिथे कानांचा उपयोग होतो. मोठ्या रस्त्यावर सायकलस्वाराचे कान मागून येणाऱ्या टिप्परवर लावलेले असतात. कोळशाचा की राखडीचा, भरलेला की रिकामा, हे आवाजावरून ओळखून तो रस्त्याच्या कडेच्या खाली उतरतो. नहरावर हे ओझे उतरते. कोतवाल ओरडतो ते ऐकू येते. आपलीच साखळी कुरकुरते आहे हे ऐकू येते, आणि तेल घालायचे राहिल्याची लाज वाटते.

पाळ या शब्दाशी इथे आणखी दोन शब्द येऊन मिळतात. नहराला पाणी सोडतात ती पाणीपाळी. वीज केंद्रात आणि खाणीत माणसे जातात ती कामाची पाळी. पूर्वी पहाटेच्या पाळीला जाणारी माणसे सायकलींनी जात. आता बहुतेकांकडे मोटारसायकली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल आहे असे २०११ च्या जनगणनेने नोंदवले होते. तो आकडा जुना झाला. तरीही जे उरले आहेत ते नेमके कोण? ज्यांना दुसरे काही घेणे परवडत नाही, ज्यांना परवाना नाही, ज्यांचे वय झाले आहे, आणि ज्या अजून शाळेत आहेत, ते आणि त्या. मोठ्या रस्त्यावर सर्वांत कमी जागा यांच्या वाट्याला येते.

या प्रकारच्या वाटांसाठी 'रहदारीमुक्त' हा शब्द आता मराठीत रुळू पाहतो आहे. आमचा वाद आहे तो मुख्यतः या शब्दाशी. रहदारी या शब्दाचा इतिहास गमतीचा आहे. फारसीत 'राहदारी' म्हणजे वाटेवरचा कर, आणि तो भरून मिळणारा जाण्याचा परवाना. मराठीत येऊन तो शब्द जाण्यायेण्याचाच वाचक झाला. कर गळून पडला आणि माणसांची ये-जा तेवढी उरली. म्हणून मराठीत रहदारी केवळ वाहनांची नसते. बैल, माणसे, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया, शाळा सुटल्यावरची पोरे, ही सारी रहदारीच. वाट रहदारीची आहे म्हणजे ती सोबतीची आहे, असे म्हणून आपले वडीलधारे आपल्याला त्या वाटेने पाठवत. आम्हाला नको आहेत ती मोटार-वाहने. रहदारी तर हवीच आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की जी वाट तयार होते ती शांत असते. पण ती कोणाला शांत वाटते आणि कोणाला निर्जन, हा प्रश्न उरतो.

तो आमच्यापुढे आला तो असा. आमच्या वर्गात आसपासच्या खेड्यांतून सायकलीने येणाऱ्या मुली आहेत. नहराने आले तर त्यांचे अंतर कमी होते, टिप्परही टळतात. तरी त्या मोठ्या रस्त्यानेच येतात. का, असे विचारले तर एकीने सांगितले, "सर, तिथं कोणीच नसते." दुसरीने भर घातली की सकाळी दूधवाले जातात तेवढ्या वेळात त्या नहराने येतात, परतताना मात्र नाही. म्हणजे त्या मुलींच्या हिशेबात नहराची पाळ ही चोवीस तासांची वाट नाहीच. दूधवाल्यांची सायकलींची रांग जाते तेवढा तासभर ती वाट असते, आणि मग पुन्हा नुसती पाळ होते. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, आणि मुली शाळेत टिकण्याला तिचा मोठा हातभार लागला असे अभ्यासकांनी दाखवले आहे. महाराष्ट्रातही मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल देणे सोपे असते. ती कोणत्या वाटेने जाईल, हे त्या योजनेत बसत नाही.

आम्ही पुरुष, एकांताचे भुकेले, ज्या गोष्टीचे कौतुक करीत होतो तीच गोष्ट या मुलींना अडवत होती. ज्या दूधवाल्यावर आम्ही त्या दिवशी मनातून चिडलो होतो, तो त्यांच्यासाठी रस्ता घेऊन चालला होता.

मराठी गद्याला ही जाण नवी नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आठवून द्यायला हवे. आपले पहिले गद्य विदर्भात, ऋद्धिपूरला लिहिले गेले, आणि ते एका चालणाऱ्या माणसाचे चरित्र आहे. लीळाचरित्रात चक्रधरांचे परिभ्रमण आहे. त्यांच्या मुक्कामांच्या जागा नोंदवण्यासाठी महानुभावांनी पुढे स्थानपोथीही केली. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख पंढरीच्या वारीचा आहे. त्यातली वाट नकाशावरची नाही, बरोबरीने चालणाऱ्यांची आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा पोटासाठी निघालेल्या माणसाचा आहे, त्याला घुमायचे नव्हते. या तिन्ही लेखनांत वाट ही कामाची आहे, आणि म्हणूनच तिच्यावर माणसे भेटतात. पुढे आपले प्रवासवर्णन हौशी झाले, आणि हौशी झाल्याबरोबर त्यातली वाट रिकामी झाली. वाटेत माणूस दिसला तर त्याचे छायाचित्र काढायचे, एवढाच त्याचा उपयोग राहिला. हे आम्ही इतरांना दूषण देण्यासाठी म्हणत नाही. त्या रविवारी आमच्याही खिशात मोबाइल होता आणि त्यात बगळ्यांची अकरा छायाचित्रे होती.

आता कायद्याचे पाहू, कारण चौकीदाराच्या बोलण्यात नकळत कायदाही होता. वहिवाट हा मराठी शब्द फार मोलाचा आहे. कोणी लिहून दिलेले नसते, पण पिढ्यानपिढ्या वापरल्याने हक्क तयार होतो, ती वहिवाट. बडोदा संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्यालाच वहिवाटदार म्हणत, इतका हा शब्द कारभाराच्या मुळाशी होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने याच कल्पनेला कलमात बसवले: खासगी जमिनीवरून वीस वर्षे उघडपणे, अडथळ्याविना आणि हक्काने ये-जा झाली तर हक्क पक्का होतो, सरकारी मालमत्तेच्या बाबतीत आता तीस वर्षे लागतात. शेतीच्या वाटा अडवल्या तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि धुऱ्यावरून वाट मागण्यासाठी जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. विदर्भातल्या पांदण रस्त्यांची कितीतरी भांडणे याच दोन दारांशी जातात.

नहराची पाळ मात्र पांदण नव्हे. ती सरकारने पाण्यासाठी बांधली आणि तिच्यावरचा मुरूम पाहणी करणाऱ्याच्या गाडीसाठी टाकला. युरोपातल्या कालव्यांचा आणि आपल्या कालव्यांचा फरक इथे आहे. इंग्लंडचे कालवे नौकांसाठी होते, नौका ओढायला घोडे होते, आणि घोड्यांसाठी काठाने वाट होती. म्हणजे ती वाट पहिल्यापासून वाटच होती. गंमत अशी की तिथेही सायकल नेण्यासाठी अनेक वर्षे परवाना काढावा लागे, आणि त्या काठांवरून जाणे पुष्कळ ठिकाणी आजही हक्क नसून सवलत आहे. आपल्याकडे, १८७३ च्या उत्तर भारतीय कालवे कायद्यात, मना केल्यानंतरही पाळीवरून नियमांविरुद्ध जनावरे वा वाहने नेणे हा गुन्हा ठरवला होता. त्यातला 'मना केल्यानंतर' हा तुकडा आम्हाला शहाणपणाचा वाटतो. गुन्हा जाण्याने होत नाही, ऐकले नाही तर होतो.

हे निर्बंध निव्वळ अरेरावीचे आहेत असे समजू नये. पाळ फुटते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि शेकडो घरांत पाणी शिरले. तत्कालीन जलसंपदा मंत्र्यांनी त्याचे खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फोडले होते. सायकलस्वारांचे नाव तेव्हा आले नाही. आमच्याकडेही जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नदीत गेले. मातीच्या बांधाजवळ राहणाऱ्यांना त्याची किंमत कळते. पण पाळ खचते ती वाळूच्या, मुरमाच्या ट्रॅक्टरांनी आणि रात्री आडवाट धरणाऱ्या टिप्परांनी. सायकलीचे वजन माणसासह शंभर किलोच्या आसपास. दूध भरलेले असेल तर थोडे अधिक.

या कायद्यात आणखी एक पेच आहे, आणि तो आमच्या चौकीदाराशी जोडलेला आहे. हक्क तयार होतो तो हक्काने वापरल्याने. परवानगीने वापरल्यास कितीही वर्षे गेली तरी तो तयार होत नाही. दूधवाल्याला चौकीदार अडवत नाही, ही त्याची माणुसकी आहे. उद्या प्रकरण उभे राहिले तर हीच माणुसकी दूधवाल्याच्या विरुद्ध पुरावा ठरेल: बघा, तो परवानगीने जात होता. पाळीच्या आसपास ज्याची शेती नाही त्याला तर सुविधाधिकारही सांगता येणार नाही, असे वकील मंडळी म्हणतील. म्हणजे जो रोजचा आहे त्याच्या हाती काही नाही. आणि आमच्यासारख्या घुमायला येणाऱ्यांच्या हाती मात्र अर्ज आहेत, वर्तमानपत्रे आहेत, ओळखी आहेत.

भीती आहे ती याच गोष्टीची. उद्या कोणी मनावर घेतले तर या पाळीचे काय होईल ते आम्हाला स्पष्ट दिसते. मुरमावर सिमेंटचे ठोकळे बसतील. दोन्ही टोकांना कमानी लागतील. वेळा ठरतील, पहाटे पाच ते आठ आणि सायंकाळी चार ते सात. तिकीट लागेल, आणि एका फलकावर 'दुचाकी, हातगाडी व जनावरे यांना सक्त मनाई' असे येईल. दुधाचे कॅन लटकावलेली सायकल या फलकाच्या कोणत्या बाजूला पडेल, हे ओळखायला भविष्यवेत्ता नको. गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. तिथे तिकीट असणे योग्यच आहे, कारण ते बघण्याचे ठिकाण आहे. नहराची पाळ हे बघण्याचे ठिकाण नाही. ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते.

आम्ही मागतो ते फार थोडे आहे, आणि ते सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात मावणार नाही इतके स्वस्त आहे. जिथे डांबरी रस्ता पाळीला छेदतो तिथे दोन दगडी खांब, सायकल आणि म्हैस जाईल पण टिप्पर जाणार नाही एवढ्या अंतरावर. पाहणीच्या गाडीसाठी हवे तर कुलूप लावलेली आडवी दांडी. मुरूम मुरूमच राहू द्यावा, दर पावसाळ्यानंतर खड्डे भरावेत, राखड टाकू नये. आणि संबंधित खात्याने एका कागदावर लिहून द्यावे की या पाळीवरून पायी व सायकलीने जाणे ही लोकांची वहिवाट आहे. चौकीदाराची कृपा नव्हे. शाळा सुटते त्या वेळी तिथे चार माणसे असतील याची व्यवस्था कागदाने होणार नाही. पण वाट निर्धास्त आहे असे कळले की माणसे येतात, आणि माणसे आली की मुली येतील, असा आमचा अंदाज आहे. तो चुकूही शकतो. मुलींना विचारूनच पुढचे ठरवावे.

त्या चौकीदाराची आमची नंतर दोनदा गाठ पडली. दुसऱ्या खेपेला त्यानेच तोडगा काढला. "सहा ते सातच्या मधात येत जा जी, दूधवाल्याईच्या टायमाले. मंग कोणी काही म्हणत नाही." ही उघड परवानगी होती, म्हणजे वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणे आमचा उरलासुरला हक्कही त्याच क्षणी बुडाला. आम्ही आता त्या वेळेला जातो. दूधवाले आमच्यापेक्षा वेगाने जातात, तेव्हा कडेला सरकून त्यांना पुढे जाऊ देतो. परवा त्यांच्या मागोमाग तीन मुली गेल्या. त्यातल्या एकीने आम्हाला ओळखले आणि सायकल न थांबवता विचारले, "सर, आज रविवार हाय ना? तुम्ही कुठं चालले?"

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही.